लॅपलँडची थंडी आणि सहलीची अपुरी यादी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर ते मार्च या काळात फिनलंडमधील लॅपलँड आणि नॉर्वेतील ट्रॉम्सो इथे ‘नॉर्दर्न लाइट्स’ (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांत आता साठी ओलांडलेले आजी-आजोबा आणि शाळकरी नातवंडेही असतात. सहल आयोजकांकडून त्यांना मिळणाऱ्या, सोबत न्यायच्या सामानाच्या यादीत बहुतेकदा ‘थर्मल, जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे’ एवढेच लिहिलेले असते. महाबळेश्वरला ही यादी पुरते. लॅपलँडमधल्या रोव्हानिएमीला रात्री आकाशाकडे बघत दोन-तीन तास एका जागी उभे राहायचे असेल, तर ती धोक्याची आहे, म्हणून हे पत्र.

रोव्हानिएमीत जानेवारीत उणे 10 ते उणे 15 अंश हे नेहमीचे, पण थंडीची लाट आली की पारा उणे 30 च्याही खाली जातो. लॅपलँडच्याच किट्टिला भागात पोक्का इथे 28 जानेवारी 1999 रोजी उणे 51.5 अंशांची नोंद झाली होती. ट्रॉम्सो समुद्रकाठी असल्याने शहरात थंडी बरीच सौम्य असते आणि त्यामुळेच लोक फसतात. स्वच्छ आकाशाच्या शोधात रात्रीच्या बस फिनलंडच्या सीमेकडे, आतल्या भागात जातात. तिथले तापमान शहरापेक्षा 15-20 अंशांनी कमी असू शकते. कपडे शहराच्या हवामानावरून ठरवू नयेत.

वाऱ्याचा हिशेब वेगळा. उणे 20 अंशांत हवा अगदी स्थिर असली, तरी ताशी 40 किलोमीटर वेगाने स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी मोटारगाडी) चालली की उघड्या त्वचेला ती थंडी उणे 34 सारखी लागते. अशा थंडीत उघडे गाल, नाक, कान 10 ते 30 मिनिटांत गोठू शकतात. तिथल्या सफारी कंपन्या बहुधा अंगभर सूट आणि बूट देतात, ते नाकारू नयेत. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे नुसती माकडटोपी पुरत नाही. तिच्यावर जॅकेटचे हूड हवेच. तोंडावरचा भाग श्वासाने ओला होऊन कडक होतो, म्हणून बदलायला दुसरा मफलर खिशात असावा.

कपड्यांबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे थर्मलच्या आत सवयीने घातलेला सुती बनियन. सुती कापड घाम धरून ठेवते, आणि ओला कपडा अंगातली ऊब फार झपाट्याने ओढून घेतो. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर फ्लीस किंवा पिसांचे जॅकेट, आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे लांब जॅकेट, हा क्रम. ऊब कापडापेक्षाही त्यात अडकलेली हवा देते, म्हणून एकावर एक घट्ट चार स्वेटर चढवून उपयोग होत नाही. दुकानात, बसमध्ये 20-22 अंश असतात. तिथे शिरताच चेन उघडा, टोपी काढा. आत घाम आला की बाहेर त्याचीच थंडी वाजते. साडीखाली थर्मल घालून भागवू नये. खालून वारा शिरतो, काठ बर्फाने भिजतात. आजींनीही पँटच घालावी.

उभ्या माणसाचे पाय सर्वांत आधी गार पडतात, कारण चालणे थांबते आणि तळव्यांखाली बर्फ असतो. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे, जाड तळव्याचे घ्यावेत. आत एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा घालूनही बोटे हलली पाहिजेत. नेहमीच्या बुटात दोन मोजे कोंबले की रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट लवकर बधिर होतात. दिवसभर घातलेले मोजे घामाने ओलसर झालेले असतात. रात्री निघण्यापूर्वी ते बदलावेत. हातासाठी चार बोटे एकाच कप्प्यात राहतील असे मोजे घ्यावेत आणि मोबाईल हाताळण्यापुरते त्यांच्या आत पातळ हातमोजे. ट्रॉम्सोत बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि रस्ते काचेसारखे होतात. बुटांवरून चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथे दुकानांत मिळतात. वयस्करांसाठी ते पहिल्याच दिवशी घ्यावेत.

मधुमेहींकडे विशेष लक्ष हवे. इन्सुलिन गोठले तर ते पुन्हा वितळले तरी टाकूनच द्यावे लागते, त्यामुळे ते विमानात हातातल्या सामानात आणि बाहेर फिरताना जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावे. साखर मोजायचे यंत्रही गारठ्यात चालत नाही. हात गरम ठेवायच्या रासायनिक पुड्या उघड्या त्वचेवर ठेवू नयेत. पायांची संवेदना कमी असलेल्यांना भाजल्याचे कळतही नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयरोग असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. चमकी, कुड्या, झुमके हॉटेलवरच काढून ठेवावेत. धातू त्वचेला लवकर गार करतो.

दर दहा-पंधरा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे पाहावेत, आणि स्लेजवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) नुसत्या बसलेल्या मुलांचे तर नक्कीच. पुस्तकांत हिमदंशाचा, म्हणजे त्वचा गोठल्याचा, डाग पांढरा लिहिलेला असतो, पण सावळ्या त्वचेवर तो राखाडी, मेणचट दिसतो आणि हाताला कडक, बधिर लागतो. तो भाग चोळू नये, त्यावर बर्फ लावू नये, शेकोटी किंवा हीटरजवळही धरू नये. आत जाऊन 37 ते 39 अंशांच्या, म्हणजे कोमट पाण्यात ठेवावा. पुन्हा थंडीत जावे लागणार असेल तर मात्र गरम करू नये, कारण वितळून पुन्हा गोठलेल्या भागाची हानी जास्त होते. माणूस अडखळत बोलू लागला, थंडीने थरथरायचा थांबून सुस्त झाला तर लगेच फिनलंडमध्ये 112 ला, नॉर्वेत 113 ला फोन करावा. ऊब यावी म्हणून दारू देऊ नये. तिने त्वचेकडे रक्त धावते, बरे वाटते आणि आतली उष्णता निघून जाते.

मोबाईल आतल्या खिशात ठेवावा, गारठ्यात बॅटरी पटकन उतरते. कॅमेरा खोलीत नेण्याआधी बाहेरच प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बंद करून तासाभराने उघडावा, नाहीतर आत दव धरते. जॅकेट, बूट आणि थर्मलचा एक जोड मात्र मोठ्या बॅगेत टाकू नका. बॅग वाटेतल्या विमानतळावर राहिली तर पहिल्या रात्रीच अडचण होते.

सहल आयोजकांना विनंती आहे की, माहितीपत्रकात किमान तीन गोष्टी छापाव्यात: त्या महिन्यातले सरासरी आणि नीचांकी तापमान, रोज उघड्यावर किती तास सलग उभे राहावे लागेल, आणि कोणते कपडे तिथे मिळतील व कोणते स्वतः न्यायचे. आपल्या पर्यटन पुरवणीनेही अशा सहलींची माहिती देताना या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

आपला,
एक वाचक, ठाणे