नाटकाच्या अंधारात हा चष्मा खरा उपयोगी पडेल

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑगमेंटेड रिॲलिटीच्या चष्म्यांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. डोळ्यांसमोरच्या खऱ्या दृश्यावर अक्षरे आणि चित्रे उमटवणाऱ्या या तंत्राने खरेदी कशी बदलेल, पर्यटन कसे बदलेल, खेळ कसे बदलतील, हे त्यात सविस्तर आले होते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा उल्लेख मात्र एका ओळीत आटोपला होता. मी त्या एका ओळीतला माणूस आहे, म्हणून हे पत्र.

माझे वय ६८. बँकेतून निवृत्त झालो, ठाण्यात राहतो. गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही कानांच्या नसा कमजोर होत गेल्या. श्रवणयंत्र लावतो, पण ज्यांनी ते लावले आहे त्यांना ठाऊक असेल की यंत्राने आवाज मोठा होतो, शब्द सुटा होतोच असे नाही. चार माणसे एकदम बोलू लागली की नुसता कल्लोळ कानात शिरतो. गेल्या दिवाळीत पुण्याच्या भाच्याने मला समोरच्याचे बोलणे अक्षरांत दाखवणारा चष्मा आणून दिला. तो मी सहा महिने वापरतो आहे आणि त्यातून जे कळले ते आपल्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

चष्मा दिसायला नेहमीच्यासारखाच आहे, फक्त काड्या जाड आहेत. बोलणे मायक्रोफोन टिपतो, खिशातला फोन ते इंटरनेटवरून पाठवतो आणि त्याचा मजकूर होऊन हिरव्या अक्षरांच्या दोन-तीन ओळी समोर हवेत तरंगू लागतात. पहिल्याच आठवड्यात बँकेतला माझा जुना सहकारी भेटायला आला. दिवाणखान्यात आम्ही दोघेच होतो, पंखा बंद केला होता आणि तो स्वभावाने सावकाश बोलणारा. दोन तास आम्ही बोललो. असा मजकूर फोनवरही मिळतो, मी तो पूर्वी वापरलाही आहे, पण फोन वाचायचा म्हणजे मान खाली घालायची आणि समोरचा माणूस आपल्या टाळूशी बोलतो आहे हे सहन करायचे. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत त्याचे बोलणे समजून घेतले. पत्नीच्या आजारपणाचे सांगताना त्याचे डोळे भरून आले, ते मला दिसले. या तंत्राने मला आणखी काही दिले नाही तरी एवढ्यासाठी मी त्याचा ऋणी राहीन.

मग तोच चष्मा लावून मी घरच्या जेवणाच्या पंगतीला बसलो. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि मालवणहून आलेली माझी मेहुणी. मेहुणीने मालवणीत ‘तू खंय गेल्लंस?’ असे विचारले, समोर अक्षरे आली ‘तू काही गेलास’. मुलगा आणि सून बोलतात त्या मराठी वाक्यांत निम्मे शब्द इंग्रजी असतात, तिथे चष्मा कधी एक भाषा धरतो, कधी दुसरी, आणि मधला शब्द गाळून टाकतो. कोण बोलले हेही कळत नाही, सगळ्यांची वाक्ये एकाच ओळीत एकामागून एक येतात. सर्वांत जिव्हारी लागते ते अक्षरांचे उशिरा येणे. नातवाने काहीतरी गमतीचे सांगितले, सगळे हसले, आणि ते वाक्य माझ्यासमोर उमटले तेव्हा हसून झाले होते. मी एकटाच मागाहून हसलो, तेव्हा धाकटी नात माझ्याकडे बघत राहिली.

यातले काही दोष भाषेच्या बाजूचे आहेत आणि ते सुधारतील. मराठी बोलीभाषांच्या ध्वनिमुद्रणांचा साठा वाढेल तसा ‘खंय’ कधीतरी ‘खंय’च उमटेल. काही अडचणी मात्र प्रकाशाच्या आणि डोळ्याच्या आहेत, आणि त्यांची चर्चा जाहिरातींत होत नाही. अशी पारदर्शक काच दृश्यात प्रकाशाची फक्त भर घालू शकते, असलेला प्रकाश काढून घेऊ शकत नाही, त्यामुळे तिला काळा रंग दाखवताच येत नाही. दुपारच्या उन्हात गच्चीवर उभे राहिले की अक्षरे पार विरून जातात. दुसरे असे की ती अक्षरे एका ठरावीक अंतरावर असल्यासारखी दिसतात, बहुतेक चष्म्यांत काही मीटर दूर. समोरचा माणूस टेबलापलीकडे दोन फुटांवर असेल तर डोळ्याला एकदा जवळ आणि एकदा दूर असे सारखे जुळवून घ्यावे लागते, आणि माझ्या वयात ते जुळणे मंदावलेले असते. अर्ध्या तासात कपाळ दुखू लागते. तिसरी गोष्ट देवनागरीची. काचेवरची ती अक्षरे इतक्या थोड्या ठिपक्यांची असतात की रोमन अक्षर निभावते, पण आपला अनुस्वार, रफार आणि जोडाक्षराचा खालचा भाग आधी नाहीसा होतो. ‘संध्या’ आणि ‘सध्या’ यांतला फरक मला कित्येकदा अंदाजाने लावावा लागतो.

मायक्रोफोन सतत चालू असतो ही आणखी एक गोष्ट. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूट आहे, त्यामुळे माझ्यासारख्या वापरणाऱ्याला कायदा अडवत नाही. तरीही समोरच्याचे शब्द माझ्या खिशातून निघून कुठल्यातरी सर्व्हरवर जातात हे त्याला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो आणि दर वेळी सांगतो. आजवर एकाच गृहस्थांनी नको म्हटले. मी चष्मा काढून ठेवला आणि आम्ही कागदावर लिहून बोललो.

या तंत्राचा इतिहास पाहिला तर तो माझ्या जेवणाच्या पंगतीशी चांगलाच जुळतो. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हा शब्द रूढ केला तो १९९० च्या दशकाच्या आरंभी बोइंग या विमान कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल यांनी, आणि त्यांच्यापुढचे काम अगदी नेमके होते: विमानातल्या तारांचे जुडगे बांधणाऱ्या कामगाराला पुढची तार कुठून कुठे न्यायची हे कागद न उलटता, तारा मांडायच्या फळ्यावरची नजर न काढता दिसावे. पुढे गूगल ग्लास आला. २०१३ मध्ये १५०० डॉलरला मिळणारा तो चष्मा रस्त्यावरच्या माणसाने दिवसभर वापरावा अशी कल्पना होती, पण लोकांना त्यातला कॅमेरा खुपला आणि २०१५ च्या जानेवारीत ती विक्री थांबली. कारखान्यांसाठी काढलेली त्याची आवृत्ती मात्र २०२३ पर्यंत टिकली, आणि बोइंगने त्याच तारांच्या कामात वेळेची सुमारे २५ टक्के बचत झाल्याचे सांगितले होते. मायक्रोसॉफ्टचा डोक्यावर बसवायचा होलोलेन्स २ हा चष्मा याहून कितीतरी अधिक गोष्टी करू शकत होता, पण ३५०० डॉलर किंमत आणि ५६६ ग्रॅम वजन डोक्यावर घेऊन कोण किती वेळ बसणार? २०२४ मध्ये त्याचे उत्पादनही बंद झाले. तारांचा क्रम आधीच ठरलेला होता, म्हणून तिथे चष्मा चालला. जिथे पुढे काय येईल ते कोणालाच ठाऊक नाही, रस्त्यावर किंवा पंगतीत, तिथे तो अडखळला.

आता मूळ मुद्दा. पुढचे प्रत्येक वाक्य आधीच ठरलेले आहे अशी आपल्या ओळखीची एक जागा आहे, आणि ती म्हणजे नाटकाचा रंगमंच. लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१८ पासून श्रवणबाधित प्रेक्षकांना असे चष्मे देण्यास सुरुवात केली. तिथे चष्मा बोलणे ऐकून अंदाज करीत नाही. नाटकाची संहिता आधीच यंत्रात भरलेली असते, आणि नटांचे बोलणे, प्रकाशाचे व ध्वनीचे संकेत यांवरून प्रयोग संहितेत कुठवर आला एवढेच यंत्र ओळखते आणि त्या ओळी दाखवते. आपल्या रंगभूमीला हे काम नवे नाही. विंगेत संहिता हातात धरून नटाबरोबर ओळ न् ओळ पुढे सरकणारा प्रॉम्प्टर नेमके हेच करीत आला आहे.

माझ्या चष्म्याचे जे जे दोष मी वर सांगितले ते नाट्यगृहात आपोआप सौम्य होतात. प्रेक्षागृहात अंधार असतो, म्हणून अक्षरे ठळक दिसतात. रंगमंच काही मीटर दूर असतो, म्हणून अक्षरे आणि नट यांच्यात डोळ्याची ओढाताण होत नाही. संहिता लिखित असते, म्हणून मालवणी नाटकातले मालवणी शब्दही शुद्ध उमटतील, आणि वाक्यापुढे पात्राचे नाव घालता येईल. इंटरनेटची गरज नाही, कोणाचे खासगी बोलणे कुठे जाण्याचा प्रश्न नाही. चष्मा विकतही घ्यावा लागत नाही, तिकीट दाखवून घ्यायचा आणि जाताना परत करायचा.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. विनोदी नाटकात नट ॲडिशन घेतात, म्हणजे संहितेत नसलेली वाक्ये ऐनवेळी घालतात, आणि प्रेक्षकांना ती आवडते. तेवढ्या वेळी अक्षरे थांबतील आणि ओळी हाताने पुढे सरकवणारा एक माणूस बसवावा लागेल. आपली नाटके गावोगाव फिरतात, तेव्हा चष्म्यांची पेटी नेपथ्याच्या ट्रकमधून सांभाळून न्यावी लागेल. ज्यांना आधीच नंबरचा चष्मा आहे त्यांना दुसरा त्यावर बसवणे गैरसोयीचे होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. आणि हा खर्च एकट्या निर्मात्याच्या माथी मारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २९ ने सांस्कृतिक जीवनात समान सहभागासाठी उपाय योजण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. चित्रपटगृहांत श्रवणबाधितांसाठी कोणत्या सोयी असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने मार्च २०२४ मध्ये काढली. नाटकासाठी मला तसे काही आढळले नाही, आणि आपल्याकडची अनेक मोठी नाट्यगृहे तर महापालिकांच्याच मालकीची आहेत.

तेव्हा महापालिकांना माझी विनंती अशी की एका नाट्यगृहासाठी वीस चष्मे घ्यावेत, आणि निर्मात्यांना विनंती अशी की चालू नाटकांपैकी एकाची संहिता यासाठी द्यावी. कान गेल्यापासून मी नाटक पाहणे सोडले आहे. शेवटच्या दोन-तीन प्रयोगांना पहिल्या रांगेत बसलो होतो, पण नट पाठमोरा झाला की ओठही दिसत नाहीत, आणि मध्यंतरात पत्नीकडून गोष्ट समजून घ्यावी लागे. चाचणी घ्यायची झाल्यास मी आणि ठाण्यातले माझ्यासारखे आणखी पाच जण तिकीट काढून बसायला तयार आहोत. प्रयोग दुपारचा असल्यास अधिक बरे.

आपला नम्र,
एक श्रवणबाधित वाचक, ठाणे