उद्याची सोय आजच करून ठेवणाऱ्या रक्तदात्यास

आदरणीय बंधू,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक आहे. परंतु ते कुठे सांगू नये अशी आपली इच्छा होती, म्हणून या पत्रात लिहीत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर चादरी विणणाऱ्या ज्या गृहस्थांनी ऐन मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीसाठी प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) दिल्या, त्यांना हे पत्र आपल्यासाठी आहे हे कळेल.

रक्ताच्या कर्करोगावरील केमोथेरपीमुळे तिच्या प्लेटलेट्स इतक्या उतरल्या होत्या की हिरड्यांतून येणारे रक्त थांबत नव्हते. त्या वेळी आम्हांला जे अनुभव आले ते अजून मनातून जात नाहीत. एका ठिकाणी, बदली रक्तदाता, म्हणजे मिळणाऱ्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा आपला माणूस, आणल्याशिवाय बोलूच नका, असे सांगण्यात आले. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका माणसाने 'डोनर' मिळवून देण्याचा दर सांगितला आणि रात्र चढली तसा तो दरही चढवला. पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून ती बंदी लागू झाली, हे त्या माणसाला माहीत नसेल असे मला वाटत नाही. गरजेपोटी रक्त विकणारा आपला आजार लपवतो आणि तो आजार रुग्णाच्या शरीरात जातो, म्हणून ती बंदी आली; पण भीतीचा भाव करणारे अजूनही शिल्लक आहेत. ज्यांच्याकडून आशा होती त्या सधन आप्तांनी आमचा निरोप चार गटांत पुढे पाठवला आणि आपले कर्तव्य झाले असे मानले.

आणि आपण आलात. रात्रपाळी केलेल्या माणसाला रक्तपेढीतील डॉक्टर परत पाठवतील म्हणून आदल्या रात्रीची पाळी सोडून, पुरेशी झोप घेऊन आणि व्यवस्थित जेवून आलात. त्या रात्रीची मजुरी बुडाली, याचा उल्लेखही आपण केला नाहीत. यंत्र एका हाताचे रक्त घेऊन त्यातील प्लेटलेट्स वेगळ्या करीत होते आणि उरलेले रक्त परत देत होते. त्या तासाभरात आपण माझ्या आईला धीर देत होता.

तरीही मला सर्वांत जास्त आठवतो तो आपला दुसऱ्या दिवशीचा फोन. आपण म्हणालात, "अक्का, प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात म्हणं. परत लागल्या तर भावाला सांगून ठेवलोय, त्याचाबी गट तोच हाय. अंग दुखलं तरी गोळी खाऊ नको म्हणलोय." ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी घेतली तर प्लेटलेट्स नीट काम करीत नाहीत आणि तीन दिवस त्या देता येत नाहीत, ही गोष्ट आपण रक्तपेढीत ऐकली, लक्षात ठेवली आणि घरी जाऊन आमच्यासाठी भावाला सांगितली. आम्ही काहीही मागितले नव्हते. फोन ठेवल्यावर मी रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडले, कारण उद्याचा विचार आमच्याखेरीज आणखी कोणीतरी करीत होते.

नेत्यांच्या वाढदिवसांना हेल्मेट आणि कुकर वाटून शिबिरे भरतात. त्यांतील रक्त वाया जाते असे मी म्हणत नाही. परंतु लाल पेशीसुद्धा फार तर 42 दिवस टिकतात आणि महाविद्यालयांना सुट्या असताना, सोलापूरचे ऊन माणसाला घराबाहेर पडू देत नाही तेव्हा, वाढदिवसाची ती गर्दी कामी येत नाही. तेव्हा कामी येतो आपल्यासारखा, बोलावल्यावर येणारा आणि बदल्यात काही न मागणारा माणूस. परक्या देशातील जखमींची शुश्रूषा करता करता 1942 साली तिथेच प्राण ठेवणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात जन्मले, याचा आम्ही अभिमान सांगतो. तो अभिमान सांगण्याचा खरा अधिकार आपल्यासारख्यांचा आहे. आपल्या घरी तेलुगू बोलतात, आमच्या घरी मराठी, आणि पिशवीवर फक्त रक्तगट लिहिलेला होता.

बहीण आता घरी आली आहे. उपचार अजून चालू आहेत. माझे हिमोग्लोबिन रक्तदानासाठी लागणाऱ्या 12.5 च्या खाली असल्याने मी लोहाच्या गोळ्या घेत आहे. ते वाढले की मीही रक्तपेढीत नाव नोंदवणार आहे.

आपल्या धाकट्या बंधूंनाही आमचा नमस्कार सांगावा. त्यांची पाळी आली नाही, तरी ते अंगदुखी सोसून तयार राहिले होते, आणि त्यांचे आभार मानायचे अजून राहूनच गेले आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची थोरली बहीण, सोलापूर