गोदामावरचं गाणं

हॅम्बर्ग, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा दोन मिनिटांत "आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं तरी शेवटपर्यंत वाचाल.

काल एल्बफिलहार्मोनीला गेले होते. इथले लोक लाडाने एल्फी म्हणतात. जानेवारी २०१७ मध्ये सुरू झालेलं संगीतगृह, एल्बे नदीवर, बंदरातच. पण बाबा, खरी गंमत अशी की ते चक्क एका गोदामाच्या डोक्यावर बांधलंय! खाली विटांचं जुनं गोदाम, १९६० च्या दशकातलं. तिथे कोको, चहा आणि तंबाखू साठवत. पुढे माल कंटेनरने यायला लागला आणि गोदाम ओस पडलं. भिंती तेवढ्या ठेवून आतून सगळं पोखरलं (आता तिथे गाड्या लावतात) आणि वर लाटांसारख्या छपराची काचेची इमारत चढवली. मला आधी मार्केट यार्डातला तुमचा गाळा आठवला. त्याच्या पत्र्यावर बालगंधर्व आणून ठेवलं तर शेठ काय म्हणतील?

खर्चाचं ऐकलंत तर पुण्यातच आहोत असं वाटेल. शहराच्या तिजोरीतून ७.७ कोटी युरो जातील म्हणाले होते, गेले ७८.९ कोटी. उद्घाटनही सात वर्षं लांबलं. आता मात्र कोणी तक्रार करत नाही, उलट पाहुण्यांना आधी तिथेच नेतात.

वर जायला ८२ मीटरचा सरकता जिना आहे. तो मधे कमानीसारखा वाकलेला, त्यामुळे खालून त्याचं टोकच दिसत नाही. सभागृहात २१०० खुर्च्या, पण समोर रंगमंच आणि मागे प्रेक्षक असा प्रकार नाही. वादक मधोमध, आपण चहूबाजूंनी, डोंगरउतारावरच्या शेतासारखे पायऱ्या-पायऱ्यांनी. माझी जागा वादकांच्या मागे होती, त्यामुळे वाद्यवृंदाच्या कंडक्टरचा चेहरा अगदी समोर. भिंतींवर जिप्समच्या सुमारे दहा हजार फरश्या आहेत. जवळून पाहिल्या तर पहिल्या पावसाचे थेंब पडलेल्या मातीसारखे खळगे, आणि एक फरशी दुसरीसारखी नाही. आवाज कुठे घुमू नये, सगळीकडे सारखा पोचावा म्हणून हा खटाटोप. अख्खं सभागृह ३६२ स्प्रिंगांवर तोललंय. बाहेर जहाजाने भोंगा दिला तरी आत कळत नाही.

आत मात्र सगळं कळतं. ब्राम्स चालू होता (हा संगीतकार इथलाच, जन्म १८३३ चा), दुसरा भाग, अगदी हळू. माझा घसा खवखवायला लागला म्हणून आईने दिलेली लवंग-खडीसाखरेची पुडी पर्समधून काढली. प्लॅस्टिकची पिशवी ती! अशी चुरचुरली की पलीकडच्या बाजूच्या आजोबांनीही मान वर केली. मी पिशवी मुठीत तशीच धरून बसले. उघडताही येईना, ठेवताही येईना. रमणबागेत सवाईला शेजारचे काका सतरंजीवर बसून भडंग खायचे आणि बाबा मधेच जोरात "क्या बात है" म्हणायचे, ते आठवून हसू आलं. तेही दाबलं.

आज दिवसभर त्याच भागात भटकले. एल्फीच्या मागेच श्पायखरश्टाट, म्हणजे गोदामांचं शहर. लाल विटांच्या इमारतींच्या रांगा, एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला कालवा. पाया ओकच्या लाकडी खांबांवर. बाबा, मी निम्मा वेळ तुमच्याच डोळ्यांनी पाहत होते. प्रत्येक इमारतीच्या माथ्यावर कप्पी असते. होडीतून आलेलं पोतं दोराने ओढून थेट चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या दारात घ्यायचे. पाठीवर घेऊन जिना चढणं नाही. आपल्या हमालांना हे दाखवायला हवं होतं. कॉफी, मसाले, गालिचे, सगळं इथे उतरायचं. २०१५ पासून हा जागतिक वारसा आहे. पण ही गोदामं बांधायला १८८० च्या दशकात इथली वस्ती पाडून सुमारे वीस हजार माणसांना हलवलं होतं. ते वाचल्यावर फोटो काढायचा उत्साह जरा कमी झाला.

एका गोदामात मसाल्यांचं संग्रहालय आहे. तिथे पोत्यात हात घालून वास घेता येतो. मिरे, जायपत्री, दालचिनी. आणि पोत्यात खुपसून नमुना काढायची ती लोखंडी पोकळ सळई काचेच्या कपाटात मांडलेली! तुमच्या खिशाला लावलेली असायची, तीच. फोटो पाठवते. यार्डात तिला काय म्हणता ते कळवा. मला आयत्या वेळी नावच आठवलं नाही.

थंडी बरी आहे, वारा मात्र वाईट. छत्री उलटी होऊन मोडली, दुसरी घेतली. बाकी ठीक.

तुमची,
छकुली

ता. क. : आई, लवंग-खडीसाखर संपत आली. पुढच्या वेळी कागदात बांधून दे.