पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र: शेड मोजता, तशी मादीची जागाही मोजा

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

मी डुकरं पाळतो. सरकारी कागदावर ‘वराहपालक’ लिहितात. गावात कुणी तसं म्हणत नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाखांचं अनुदान मिळतं. त्याच्या भरवशावर आमच्याकडचा एक तरुण शेड बांधतोय. त्याने आराखडा दाखवला. गाभण मादीला लोखंडी पाइपांचा पिंजरा, रुंदी दोन फूट. ती उठेल, बसेल, पण वळणार नाही. आणि डुकरीण गाभण राहते तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस! जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. ब्रिटनने असे पिंजरे १९९९ मध्येच बंद केले. आपण मात्र ते आधुनिक म्हणून बसवायला निघालोय.

व्यायच्या आदल्या दिवशी मादी पेंढा, पाला तोंडात धरून कोपऱ्यात नेते, घरटं करते. नुसत्या काँक्रीटवर तीच मादी फरशीला तोंड घासत राहते. चार पेंढ्या टाकायला किती खर्च येतो? उन्हाचंही तसंच. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून ते चिखलात लोळतं. लोक त्याला घाण म्हणतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली डबकं नाही, फवारा नाही, तर त्याने करावं काय?

आता माणसाबद्दल. माझ्याकडे पूर्वी एक गडी होता, लाथ घालून डुकरं हाकणारा. त्याची चप्पल वाजली की सगळा कळप भिंतीला चिकटायचा, खाद्य तसंच पडून राहायचं. दोष एकट्या त्याचा नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, मीही नाही. ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ या संशोधकांनी १९८० च्या दशकात हेच तपासलं: माणसाला घाबरणाऱ्या डुकरांची वाढ मंदावते, पिल्लंही कमी होतात. म्हणजे हा निव्वळ भूतदयेचा नाही, हिशेबाचाही प्रश्न आहे.

मागणी एवढीच. अनुदानाचा हप्ता सोडण्यापूर्वी माद्यांची जागा टेप लावून मोजा, पिंजरे असतील तर हप्ता रोखा. प्रशिक्षण मालकाबरोबर गड्यालाही द्या, त्या दिवसांच्या मजुरीसह. आणि पाहणीला येणाऱ्या साहेबांनी शेडमध्ये पाऊल टाकल्यावर, रजिस्टर मागण्याआधी, गडी आत आला की डुकरं पुढे येतात की मागे सरकतात, तेवढं बघावं.

आपला,
एक डुक्करपालक शेतकरी