विधवेला ‘पती’ हा पर्याय का वाचून दाखवायचा?

महोदय,

गेली नऊ वर्षं मी धाराशिव जिल्ह्यात सर्व्हेची कामं करते. पीक, पाणी, बचतगट, बाळंतपण, ज्या संस्थेचं काम येईल ते. पूर्वी कागदी फॉर्म असायचे, आता सगळं मोबाईलवर आलंय.

गेल्या श्रावणात कळंब तालुक्यातल्या एका गावी ओट्यावर बसून एका ताईंचा फॉर्म भरत होते. त्या सुपात तूर पाखडत होत्या. वैवाहिक स्थिती विचारली. ‘दोन वर्षं झाली त्यांना जाऊन,’ म्हणाल्या. मी ‘विधवा’वर बोट ठेवलं. पुढे आठ-दहा प्रश्नांनी प्रश्न आला, घरातल्या मोठ्या खर्चाचा निर्णय कोण घेतं? खाली पर्याय : स्वतः, पती, दोघं मिळून, सासू-सासरे, इतर. सगळे पर्याय मोठ्यानं वाचून दाखवायचे, अशी आम्हाला सक्त सूचना असते. मी वाचले. सूप थांबलं. ‘ताई, आत्ताच सांगितलं ना तुम्हाला?’ आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. त्यानंतर त्यांनी प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणून टाकलं. तो फॉर्म सबमिट झाला. ऑफिसात तो पूर्ण भरलेला फॉर्म म्हणून मोजला गेला असेल. त्यातली निम्मी उत्तरं खरी नाहीत, हे मला ठाऊक आहे.

हे टाळणं अवघड नाही. ओडीके, कोबो यांसारख्या ज्या अॅपवर आम्ही काम करतो, त्यांचे फॉर्म बहुतेक वेळा एका एक्सेल शीटमधून तयार होतात. पर्यायांच्या यादीत एक जादा रकाना आणि प्रश्नासमोर एक अट, एवढं लिहिलं की आधीच्या उत्तराप्रमाणे पुढचे पर्याय गाळून येतात. ‘विधवा’ असेल तर ‘पती’ आणि ‘दोघं मिळून’ दिसणारच नाहीत. मी स्वतः हे शिकले आहे, एका दुपारचं काम आहे. आणि संस्थांना ते येत नाही असंही नाही. जिल्हा निवडला की त्याच जिल्ह्याचे तालुके येतात, तालुका निवडला की तिथलीच गावं. ही साखळी प्रत्येक फॉर्ममध्ये असते, कारण ती नसेल तर ऑफिसचे तक्ते चुकतात. कळंब तालुका आमच्याकडेही आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही.

अर्थात ही साखळी तुटतेही. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यानंतरच्या एका फॉर्ममध्ये जिल्ह्यांच्या यादीत ‘धाराशिव’ लिहिलं, पण तालुक्यांसमोरच्या रकान्यात ‘उस्मानाबाद’ तसंच राहिलं. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी कोरी! आम्ही पाच जणी अर्धा दिवस एसटी स्टँडवर बसून होतो. जोडणी नावानं न करता ठरलेल्या क्रमांकानं केली असती, तर नाव बदलल्यानं काही बिघडलं नसतं.

पिकांचंही सांगते. शेतकरी सांगतो, खरिपात सोयाबीन, तूर आणि उडीद होतं. पुढचा प्रश्न : सगळ्यात जास्त पैसा कशाचा झाला? तिथे त्याची तीनच पिकं यायला हवीत. येतात बावीस, त्यात ऊस, कापूस, भातसुद्धा. उन्हात घाईनं बोट सरकतं आणि कोरडवाहू शिवारात भात पिकतो. जिथे गाळणी लावलेली असते, तिथे दुसरी गोची होते. कुणी ‘इतर’मध्ये कारळं सांगितलं, तर पुढच्या यादीत कारळं नसतंच. हाताने लिहिलेलं उत्तर पुढे न्यायची सोय फॉर्म बनवणाऱ्यानं मुद्दाम करावी लागते, आणि ती राहूनच जाते.

मात्र गाळणी अंदाजानं लावू नये. एका फॉर्ममध्ये ‘शेतमजूर’ निवडलं की जमिनीच्या प्रश्नात ‘स्वतःची’ हा पर्याय गायब होत असे. आमच्याकडे अर्धा एकर स्वतःचं आणि बाकी दिवस दुसऱ्याच्या बांधावर, अशी कितीतरी घरं आहेत. त्या सगळ्यांना आम्ही भूमिहीन लिहून आलो. माणसानं स्वतः सांगितलेल्या गोष्टीवरूनच पर्याय गाळावा. तो कसा जगत असेल, हे पुण्या-मुंबईत बसून ठरवू नये. आणि मागे जाऊन एखादं उत्तर दुरुस्त केलं, तर त्यावर अवलंबून असलेलं जुनं उत्तर तसंच तर राहत नाही ना, हेही पाहावं. मी असे फॉर्म पाहिलेत, ज्यात बाई अविवाहित आणि निर्णय घेणारा पती.

१ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची जनगणनाही मोबाईलवर होणार आहे, त्यात जातही नोंदवली जाणार आहे. छोट्या सर्व्हेत जे चुकतं, ते तिथे लाखो घरांत चुकेल. म्हणून सर्व्हे काढणाऱ्या सगळ्यांनाच माझी कळकळीची विनंती आहे. फॉर्म पक्का करण्याआधी तो दोन दिवस आमच्या हातात द्या. एखादी विधवा, एखादी टाकलेली बाई, अर्ध्या एकराचा मालक, एकटी राहणारी म्हातारी, अशा दहा दारांत आम्ही तो वाचून दाखवू आणि कुठला पर्याय कुठे नको ते लिहून देऊ. त्या दोन दिवसांची मजुरीही मला नको.

– एक सर्व्हे करणारी, कळंब (जि. धाराशिव)