पाळीची पहिली तारीख शोधून आणणाऱ्या आशाताईंना

आशाताई, सप्रेम नमस्कार.

माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख आणि बाळंतपणाची अंदाजे तारीख लिहायला जागा असते. दुसरी तारीख काढायला आम्हाला अर्धा मिनिटही लागत नाही. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की झालं. पहिल्या तारखेसाठी मात्र तुम्ही एकेका घरी ओट्यावर तासभर बसता. हे पत्र त्या तासाच्या आभाराचं आहे.

"शेवटची पाळी कधी आली?" या प्रश्नाला मिळणारं पहिलं उत्तर पुष्कळदा भलत्याच दिवसाचं असतं. कोणी पाळी चुकली तो दिवस सांगते, कोणी डोक्यावरून न्हाली तो. न्हाण्याचा दिवस म्हणजे पाळीचा चौथा किंवा पाचवा. तुम्ही तेवढे दिवस मागे जाऊन तारीख लिहिता आणि कार्डाच्या कडेला पेन्सिलीने 'न्हाणं ९ तारखेला' असंही टिपून ठेवता. पुढे कोणाला शंका आली तर हिशेब कुठून आला ते त्या तीन शब्दांत कळतं.

तारीख आठवतच नसेल तर तुम्ही सणांकडे वळता. "गौरी जेवल्या त्या दिवशी सोवळ्यात होतीस की बाजूला?" असं विचारलं की बाई स्वतःच कॅलेंडरची पानं उलटू लागते. २०२५ साली गौरी ३१ ऑगस्टला आल्या, १ सप्टेंबरला जेवल्या, २ तारखेला गेल्या. त्यापुढचा तुमचा प्रश्न तर आमच्या ओपीडीतही विचारायचा राहून जातो: "गौरींसाठी गोळी घेतली होतीस का?" समजा पाळी ३० ऑगस्टला अपेक्षित होती, पुढे ढकलायच्या गोळ्या २ सप्टेंबरपर्यंत घेतल्या आणि अंगावरून जायला लागलं ५ सप्टेंबरला. मग हिशेब ५ तारखेपासूनच धरायचा. बाळंतपणाची तारीख येते १२ जून २०२६. सवयीने ३० ऑगस्ट लिहिलं असतं तर ६ जून आली असती. सहा दिवस थोडे वाटतात खरे, पण 'दिवस उलटून गेले' म्हणून कळा आणायच्या वेळी ते जड जातात.

पाळी किती दिवसांनी येते, हेही तुम्ही टिपता. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचे दिवस बहुतेकींत चौदाच्या आसपासच असतात. लांबतो तो बीज सुटण्याआधीचा काळ. ३५ दिवसांनी पाळी येणारीचं बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं, म्हणून तिच्या तारखेत आणखी सात दिवस धरावे लागतात.

एका गोष्टीचे आभार मात्र वेगळे मानायला हवेत, कारण ती कुठल्याच रजिस्टरात लिहिली जात नाही. नवरा कामासाठी बाहेरगावी, १९ ऑक्टोबरला दिवाळीसाठी घरी आलेला. ५ डिसेंबरच्या सोनोग्राफीत लिहून येतं '८ आठवडे ५ दिवस'. घरचे मागे मोजतात, ५ ऑक्टोबरला पोचतात आणि सुनेकडे बघायला लागतात. अशा वेळी तुम्ही सासूबाईंना समजावता की आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. दिवस राहतात तेव्हाच कागदावर दोन आठवडे झालेले असतात. ५ ऑक्टोबर ही पाळी, दिवस राहिले १९ च्या आसपास. 'आसपास'च म्हणायचं, कारण पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत टिकतं आणि स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. अमुक रात्रीच दिवस राहिले असं सोनोग्राफी सांगू शकत नाही. रिपोर्टावर हे छापलेलं नसतं.

बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस राहिले, किंवा नुसते डाग दिसले आणि तीच पाळी समजली गेली, अशा बायांना तुम्ही तारखेचा आग्रह न धरता लवकर सोनोग्राफीला पाठवता. हेच बरोबर. पहिल्या तिमाहीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून वय पाच-सात दिवसांच्या फरकाने कळतं. नऊ आठवड्यांच्या आत पाचपेक्षा जास्त आणि त्यापुढे चौदा आठवड्यांपर्यंत सातपेक्षा जास्त दिवसांचा फरक पडला तर सोनोग्राफीची तारीख घ्यायची, नाहीतर पाळीची कायम. एकदा ठरली की बदलायची नाही. शेवटच्या महिन्यांतली सोनोग्राफी तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते. तेव्हाच्या रिपोर्टवरून तारीख पुढे सरकवली, तर न वाढणारं बाळ 'कमी दिवसांचं' ठरतं आणि खरा धोका झाकला जातो. तुमच्या कार्डांवर पहिल्या रिपोर्टाची तारीख चौकटीत असते, म्हणून हा घोळ टळतो.

आमच्याकडची चूकही कबूल करतो. मे महिन्यातली पाळी असली की बोटांवरचा नऊ महिने सात दिवसांचा हिशेब तीन दिवस पुढे जातो. १० मेची बोटांवर येते १७ फेब्रुवारी, पण गरोदरपणाचे पूर्ण २८० दिवस मोजले तर १४ फेब्रुवारी. बाळंतपणाची तारीख काढायची गोल चक्री फिरवून बघायला हवी.

रात्री दोन वाजता कळा घेऊन आलेली बाई ३३ आठवड्यांची की ३६, यावर डेक्सामेथासोनच्या सुया ठरतात: ६ मिलिग्रॅमच्या चार, दर बारा तासांनी, बाळाच्या फुप्फुसांसाठी, ३४ आठवड्यांच्या आतच. त्या वेळी आम्ही तुमचं अक्षर शोधतो.

आपले,
प्रसूतिकक्षातल्या सिस्टर आणि डॉक्टर

ता. क. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. मराठी महिने मोजणाऱ्या सासवांना आधीच सांगून ठेवा. वरच्या ५ सप्टेंबरवालीचे नऊ महिने, अधिक गाळून मोजले तर जूनअखेर भरतील. आणि तिची तारीख आहे १२ जून.