मालकाची पत्नी नव्हे, मालकीण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोऱ्यांच्या मेजर लीगचे दार कृष्णवर्णीयांसाठी उघडणारा ब्रुकलिन डॉजर्सचा बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन याच्यावरील लेखात एफा मॅन्ली यांची ओळख ‘क्लबमालकाची पत्नी’ एवढ्यावरच आटोपली आहे. नेवार्क ईगल्स हा कृष्णवर्णीयांचा बेसबॉल संघ एब आणि एफा या दांपत्याच्या सामाईक मालकीचा होता. १९३५ मध्ये ब्रुकलिनमध्ये निघालेला संघ पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या नेवार्कला आला. पैसा एब यांचा (तोही आकड्याच्या धंद्यातला, म्हणजे आपल्या मटक्याचाच भाऊबंद) आणि खेळाडू हेरण्याची नजरही त्यांचीच. करार, पगार, प्रवास, जाहिरात हे सगळे एफा बघत. लीगच्या बैठकांत इतर मालकांशी भांडतही त्याच.

त्यांचे खरे काम दिसते ते रॉबिन्सननंतर. गोऱ्यांच्या क्लबांनी दारे उघडली, पण खेळाडू नेताना त्याच्या जुन्या क्लबला काही द्यायचे असते हे ब्रुकलिन डॉजर्सचे कारभारी ब्रँच रिकी यांना मान्य नव्हते. कृष्णवर्णीयांच्या लीग म्हणजे धड संघटनाच नव्हेत, हा त्यांचा युक्तिवाद. करार ढिले असल्याने तो खपूनही गेला. ईगल्सचा गोलंदाज डॉन न्यूकम असाच फुकटात गेला. १९४६ ची निग्रो वर्ल्ड सिरीज (कृष्णवर्णीयांच्या लीगमधली विजेतेपदाची मालिका) कॅन्सस सिटी मोनार्क्सविरुद्ध ४-३ अशी जिंकणाऱ्या संघाची ही कथा!

जुलै १९४७ मध्ये क्लीव्हलँड क्लबचे मालक बिल व्हेक यांनी ईगल्सचा लॅरी डोबी मागितला, तेव्हा एफांनी सौदा केला: १० हजार डॉलर रोख, आणि डोबी ३० दिवस संघात टिकला तर आणखी ५ हजार. तो गोरा असता तर याच्या कितीतरी पट दिले असते, हेही त्यांनी व्हेकना सुनावले.

तोवर नेवार्कचे प्रेक्षक रॉबिन्सनला बघायला ब्रुकलिनची वाट धरू लागले होते. एका हंगामात गर्दी निम्म्याच्याही खाली आली आणि १९४८ च्या हंगामानंतर संघ विकावा लागला. तरी रिकी ईगल्सच्याच मॉन्टी आयर्विनला फुकट नेऊ लागताच एफांनी आक्षेप घेतला. रिकींनी त्याला सोडून दिले आणि न्यूयॉर्क जायंट्सने ५ हजार डॉलर मोजले. आपल्या वाट्यातून एफांनी मिंकच्या फरची शाल घेतली. जायंट्सचा सौदा मात्र स्वस्तातच झाला: १९५१ मध्ये आयर्विनच्या फटक्यांवर १२१ धावा निघाल्या, नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक.

२००६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडल्या गेलेल्या एफा या पहिल्या महिला. ही निवडही क्लबच्या कारभारासाठीच झाली होती. लेखातील उल्लेख कृपया दुरुस्त करावा.

आपला,
एक वाचक, पुणे